दाजी पेठेतलं दहा फुटी घर मोकळं कसं वाटेल?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर इथेच सापडेल. सोलापूरच्या दाजी पेठेत एकामागे एक तीन खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यांसारखं घर. दोन्ही कडेच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटून, त्यामुळे उजेड-वारा आला तर पुढून, नाहीतर मागून. तोंड पश्चिमेला. आतून रुंदी दहा फूट. पुढची खोली दहा बाय दहा, मधली दहा बाय नऊ, मागे स्वयंपाकघर दहा बाय आठ आणि त्याच्या कोपऱ्यात मोरी. म्हणजे सगळी मिळून २७० चौरस फूट जागा. माणसं सहा: सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि दोन मुलं. पाया जुना, म्हणून वर मजला चढवायचा नाही. पुढे गल्ली, मागे बोळ, म्हणून वाढवायला वाव नाही. तुमच्या मनात तीन गोष्टी आहेत: पुढच्या खोलीत एल आकाराचा सोफा, छताला पीओपी आणि एका भिंतीवर मोठा आरसा. "एवढं केलं की घर मोठं वाटेल ना ओ?" असं तुम्ही विचारलंत.

नाही वाटणार. पीओपी तर अजिबात नको, आरसा सगळ्यात शेवटी, आणि सोफ्याचं मी अखेरीला सांगतो.

गेली सव्वीस वर्षं मी सोलापुरात सुतारकाम आणि घरं आतून लावून द्यायचं काम करतोय. निम्म्याहून जास्त घरं तुमच्यासारखीच. घरं मोठी दाखवायच्या ज्या युक्त्या मोबाईलवर फिरतात, त्या बहुतेक मुंबईच्या फ्लॅटसाठी असतात. तिथे पाणी रोज, धान्य महिन्याचं, आणि ऊन आपल्यापेक्षा बरंच नरम. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, ज्वारी वर्षाची भरतात, पाहुणा आला की तो मुक्कामाला येतो आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. पाणी, धान्य, अंथरूण आणि ऊन. तुमच्या घरातली जागा या चौघांनी खाल्लीय. त्यांची सोय लावल्याशिवाय भिंतीला कुठलाही रंग दिलात तरी घर तेवढंच वाटणार.

हे मी सोलापूरजवळच्या कुंभारीला शिकलो. तिथे विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये. नंतर त्याच बाजूला रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या पहिल्या १५,००० चा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. हजारो घरं, नकाशा एकच. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून चांगली शाळा नाही. विडी घरकुलात, म्हणजे त्या विडी कामगारांच्या वसाहतीत, एका दुपारी मी शेजारशेजारच्या दोन घरांत माप घ्यायला गेलो होतो. पहिल्या घरात दार उघडलं की समोर लोखंडी कपाटाची पाठ, कपाटावर गाद्यांचा ढीग, डाव्या हाताला निळी पिंपं. आडवं होऊनच आत जावं लागलं. दुसऱ्या घरात शिरलो आणि उंबऱ्यावरच थबकलो. मागच्या दारातली तुळस थेट दिसत होती. बाईंना विचारलं, काम कुणाकडून करून घेतलं? त्या हसल्या. "काम कशाचं ओ, मालकांनी दार उलटं बसवलं, आन् कपाट दारामागं ढकललं." एक दार आणि एक कपाट, एवढाच फरक होता. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात टेप काढायच्या आधी उंबऱ्यावर उभा राहतो आणि नजर कुठे अडते ते बघतो.

तर पहिलं काम, बिनपैशाचं. मुलांचा खडू घ्या. सगळे घरात असतील अशा रविवारी सकाळी, माणसं जशी येतात-जातात तशा रेषा फरशीवर काढा. पुढच्या दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून कपाटापर्यंत, ओट्यापासून पिंपापर्यंत. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट धरा. ही तुमची वाट. या वाटेवर काहीही ठेवता येत नाही, म्हणजे ती जागा आहे पण तुमची नाही.

तुम्ही लिहिलंय की पुढचं दार मध्यावर आहे, मधल्या खोलीचं दार डावीकडे आणि स्वयंपाकघराचं उजवीकडे. इथेच खरी गोम आहे. या मांडणीत वाट मधल्या खोलीतून तिरकी जाते. दहा बाय नऊच्या खोलीत तीन फुटी वाट कोपऱ्यातून कोपऱ्यात गेली की उरलेल्या जागेचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणात ना कॉट बसते ना कपाट. हीच वाट एका भिंतीच्या कडेनं सरळ गेली तर पलीकडे सात बाय नऊचा सलग चौकोन सुटतो. तेवढ्यात सहा बाय साडेसहाचा पलंगसुद्धा मावतो.

म्हणून माझ्या मते तुमचा पैसा जायला हवा तो स्वयंपाकघराचं दार उजवीकडून डावीकडे आणण्यात. मधली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची आहे असं तुम्ही म्हणता. घराची रुंदी दहाच फूट असल्यानं स्लॅबचा भार बहुतेक कडेच्या नऊ इंची भिंतींवर असणार. पण "बहुतेक" या शब्दावर भिंत फोडू नका. एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा, गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. जुन्या घरांचे पाये वर्षानुवर्षं असे हललेले असतात, आणि जी भिंत कुणाचा भार घेत नव्हती तिच्यावर हळूहळू भार आलेला असू शकतो. त्यांनी होकार दिला तर नवीन दाराला लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून, जुनं दार बुजवून, प्लास्टर वाळून तयार व्हायला साधारण आठवडा जातो.

दारांचंच आणखी एक. अडीच फुटी झडप आत उघडताना जवळजवळ पाच चौरस फूट जागा झाडते. घरात अशी तीन दारं असली की पंधरा चौरस फूट नुसती दारांना राखून ठेवावी लागते. मधल्या दोन दारांच्या झडपा खरंच लागतात का, हे घरात बसून ठरवा. स्वयंपाकघराला जाड पडदा चालत असेल तर झडप काढूनच टाका. मधल्या खोलीला आडोसा हवाच, तिथे वरच्या चॅनेलवर सरकणारं दार लावा. खालची पट्टी मात्र नको, त्यात केर अडकतो आणि सासऱ्यांचा पाय अडखळेल. मोरीचं दार बाहेर उघडणारं करा. बिजागऱ्या बदलणं हे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, नवीन दार घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता पाणी. तुमच्याकडे २०० लिटरची चार पिंपं आहेत. एकेक पिंप दोन फूट रुंद, म्हणजे चार पिंपांना सोळा चौरस फूट. त्यांच्यापुढे तांब्या बुडवायला उभं राहायची जागा वेगळी. २७० पैकी पंचवीसेक चौरस फूट पाण्याची झाली. हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "मग माळ्यावर चढवू का?" अजिबात नाही. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं, आणि तुमचा माळा तीनच इंच जाडीचा आहे.

तुमच्या पुढच्या दारासमोर कट्टा आहे. तो तुमच्या उताऱ्यात असेल तर त्याच्या पोटात हौद करता येईल. आतून चार बाय चार बाय चार धरा, म्हणजे ६४ घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, म्हणजे अठराशे लिटर. नऊ पिंपं जमिनीखाली गेली आणि कट्टा बसायला होता तसाच राहिला. हौद भरला की अर्ध्या एचपीच्या मोटरनं गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत चढवायचं. मोटर हौदातच, नळाच्या लाईनला नाही. थेट नळाला मोटर लावणं बेकायदा आहे आणि शेजाऱ्यांशी भांडण फुकट मिळतं ते वेगळं. टाकी कडेच्या भिंतीच्या डोक्यावर बसवा, स्लॅबच्या मध्यावर नको.

इथे एक इशारा देतो. हौद विटेत बांधून वर प्लास्टर करून देतो म्हणणारे खूप भेटतील, स्वस्तही पडेल. काळ्या मातीत तो टिकत नाही. माती फुगली की विटेला तडा, तड्यातून पाणी पायाजवळच्या मातीत, आणि मग पुढच्या भिंतीला भेग. हौद आरसीसीतच, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटमध्येच करा, आणि घराच्या पायापासून किती लांब ठेवायचा ते त्याच इंजिनिअरला विचारा. पाया फार उथळ असेल तर ते हौदाला नकोही म्हणतील. तसं झालं तर दोन पिंपं ठेवा, दोन काढा, आणि त्यांच्याऐवजी मोरीच्या भिंतीलगत उभी, अरुंद टाकी बसवा, खाली तोटी असलेली. तोटी असली की पुढे तांब्या घेऊन वाकायची जागा लागत नाही, आणि टाकीच्या वरच्या भिंतीवर फळ्या मारता येतात. पिंपाच्या डोक्यावर कधीच काही ठेवता येत नाही, कारण झाकण सारखं उघडावं लागतं. पिंपामुळे ती सगळी भिंत छतापर्यंत वाया जाते, ते जास्त महाग पडतं.

अंथरुणाचा विषय माझ्या आवडीचा आहे. सहा माणसांच्या गाद्या, चादरी, रजया, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांची अंथरुणं. सोलापूरकराच्या घरात चादरींना तोटा नसतो. लग्नात आहेर आला तरी चादर, दिवाळीला कारखान्यातून मिळाली तरी चादर. हा सगळा ढीग दिवसा कुठेतरी असतो. तुमच्याकडे तो लोखंडी कपाटावर आहे. कपाट साडेसहा फूट, वर दोन फूट गाद्या. म्हणजे खोलीत शिरल्यावर डोळ्यांना एक साडेआठ फुटी डोंगर दिसतो.

यावर मी आधी एक चूक केली होती, ती सांगतो. मुरारजी पेठेत एका दहा बाय दहाच्या खोलीत मी हायड्रॉलिकचा पलंग बसवून दिला. खाली भलं मोठं पोट, सगळं अंथरूण आत जाईल, मालक खूश. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामाला त्यांच्याकडे गेलो तर अंथरुणं पुन्हा खुर्चीवर! पलंगावर कापसाची डबल गादी होती, तिचंच वजन पंचवीस-तीस किलो. पंप मी फोमच्या गादीच्या हिशेबानं लावले होते. घरातल्या बाईंना ते झाकण उचलेना. उचललं तरी रोज रात्री पलंगावर बसलेल्यांना उठवून अंथरूण काढायचं म्हणजे तमाशाच. पंप मी माझ्या खर्चानं बदलले, पण रोजची वस्तू पलंगाच्या पोटात ठेवायची हा विचारच चुकीचा होता. पलंगाच्या पोटात वर्षातून दोनदा लागणारं ठेवावं: पाहुण्यांच्या गाद्या, थंडीच्या रजया, गणपतीची आरास. तेही पुढून ओढायच्या खणांत, म्हणजे वर कुणी झोपलेलं असलं तरी निघतं.

रोजच्या चादरींसाठी जुनी बैठक आठवा. भारतीय बैठकीत लोड असतात, ते कापूस भरलेलेच असले पाहिजेत असं कुठे लिहिलंय? मी आता घरोघरी सांगतो: जाड कापडाच्या तीन फूट लांब, नऊ-दहा इंच व्यासाच्या पिशव्या शिवून घ्या, एका टोकाला नाडी. सकाळी दोन चादरी आणि एक पातळ रजई घट्ट वळकटी करून आत सारायची, नाडी ओढायची, भिंतीला टेकवायची. झाला लोड. तुमच्या घरात सहा लोड होतील, म्हणजे पुढच्या खोलीत दोन भिंतींना टेकून सहा-सात माणसं आरामात बसतील आणि कपाटावर काहीच उरणार नाही. शिवणाऱ्या बाईला माप देताना घरातली जाडातली जाड चादर वळकटी करून दाखवा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आपली सोलापुरी चादर बाजारातल्या पातळ चादरीपेक्षा फुगते.

धान्याचं थोडक्यात. तुम्ही दोन क्विंटल ज्वारी भरता. एका क्विंटलला पाचेक घनफूट जागा लागते, म्हणजे दोघांना दहा. आत्ता ती पोत्यांत आहे आणि पोतं कुठेही ठेवलं तरी ते पोतंच दिसतं. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असं बाकडं करून घ्या, आतून पत्र्याचं अस्तर, वर तीन तुकड्यांत झाकण. सव्वाअकरा घनफूट होतात, ज्वारी मावते आणि वर मुलं अभ्यासाला बसतात. जमिनीपासून चार इंच उचललेलं असू द्या. तळमजल्यावर वाळवी हमखास येते, आणि खाली झाडू गेला नाही तर कळतही नाही. प्लाय वॉटरप्रूफच घ्या. एका दुकानातून मी एकदा घाईत भुश्श्याच्या बोर्डाच्या तयार ट्रॉल्या घेतल्या होत्या. मोरीशेजारी बसवल्या, दोन पावसाळ्यांत फुगून पोळीसारख्या झाल्या.

आता ऊन. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि घर मोठं करण्याशी याचा काय संबंध असं तुम्हाला वाटेल. सांगा बघू, मे महिन्यात तुम्ही सहाजण कुठे असता? पुढच्या खोलीत, कूलरसमोर. मधली खोली कोंदट, स्वयंपाकघर भट्टी. म्हणजे तुमचं २७० चौरस फुटांचं घर मार्च ते जून शंभर चौरस फुटांचं असतं. उरलेल्या दोन खोल्या वापरात आल्या तर बांधकाम न करता १७० फूट वाढले की नाही?

आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाचा खरा मारा दुपारी गच्चीवर आणि नंतर पश्चिमेच्या भिंतीवर. कडेच्या भिंती तर शेजाऱ्यांनी झाकल्यात, तेवढं सुदैव समजा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठनंतर खाली ओकतो, म्हणून रात्री पंख्याची हवासुद्धा गरम लागते. फेब्रुवारीत गच्ची घासून चुन्याचे दोन हात द्या. ऐपत असेल तर पांढऱ्या चिनीच्या तुकड्यांची फरशी करा, ती पंधरा-वीस वर्षं बघायला नको. चुना मात्र दर वर्षी. पुढच्या पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. आडोसा बाहेरून हवा: बांबूची चीक नाहीतर वाळ्याचा पडदा, दुपारी दोनला सोडायचा, सातला गुंडाळायचा.

कूलर तुम्ही जमिनीवर, खोलीच्या आत ठेवलाय. त्यानं चार फूट जागा घेतलीच, वर तो घरातलीच दमट हवा फिरवतोय. तो खिडकीबाहेर लोखंडी अँगलवर टांगा, गल्लीत डोक्याला लागणार नाही एवढा उंच. मागे स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी ठेवा. आपली हवा कोरडी असल्यानं कूलर इथे चांगला चालतो, पण आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट तिन्ही खोल्यांतून गेली की मधली खोलीही गार होते. म्हणून मघाशी दारं एका रेषेत घ्यायला सांगितली. एका कामात दोन सोयी.

मधल्या खोलीला उजेड नाही, ही तुमची शेवटची अडचण. आपल्या जुन्या पेठांतल्या माळवदांच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत खिडक्या नव्हत्याच जवळजवळ. भिंती दोन-दोन हात जाड, त्यात फडताळं नि देवळ्या, आणि वर छताला सवणं. त्या हातभर भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली यायचा आणि सगळ्या खोलीत उजेड पसरायचा. लहानपणी आजीच्या घरी आम्ही त्या पट्ट्यावरून वेळ सांगायचो. स्लॅबला तसं भोक पाडता येतं, पण सळया कापाव्या लागतात आणि जुन्या स्लॅबला मी ते सुचवत नाही. त्यापेक्षा दोन्ही मधल्या भिंतींचा वरचा भाग, दारांच्या डोक्याच्या रेषेत, भिंतभर दीड फूट उंचीचा पट्टा काढून तिथे काच बसवा. तोही त्याच इंजिनिअरच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. पुढचा संध्याकाळचा आणि मागचा सकाळचा उजेड दोन्हीकडून आत येतो. मधून दोन झडपा उघडणाऱ्या ठेवा, वर साठलेली गरम हवा निघून जाते.

एवढं झालं की मग रंग. पुढची-मधली-मागची असे तीन रंग देऊ नका, एकच द्या. पिवळसर झाक असलेला पांढरा बरा. पांढराशुभ्र आपल्या धुळीत टिकत नाही. तुमच्या भिंतींना खाली साडेतीन फुटांचा चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा आहे, मुलांचे हात लागतात म्हणून. ऑइलपेंट राहू द्या, पण वरच्याच रंगाचा. त्या पट्ट्यानं दहा फुटी भिंतीचे दोन तुकडे झालेत. माळ्याची झाकणंही भिंतीच्याच रंगात, म्हणजे माळा दिसेनासा होतो. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न ठोकता छताखाली चार बोटांवर ठोका आणि पडदा फरशीपर्यंत सोडा. खिळ्यांना टांगलेली कॅलेंडरं, घड्याळं, फोटो, देवांच्या तसबिरी, सगळं एका भिंतीवर आणा, बाकीच्या मोकळ्या ठेवा. पीओपीला तुमची सहा इंच उंची जाते, पंखा खाली येतो, आणि तीन वर्षांत वरच्या ओलीचे डाग दिसतात. तोच पैसा दिव्यांत घाला. छताच्या मध्यावर एक ट्यूब असली की कोपरे अंधारात जातात आणि डोळा खोली तेवढीच धरतो. नऊ-नऊ वॉटचे दोन दिवे समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावून बघा.

आरसा लावायचाच तर मधल्या खोलीत, कडेच्या भिंतीवर, पुढच्या खोलीतून येणाऱ्या दाराजवळ. दीड फूट रुंद, पाच फूट उंच. पुढचा उजेड त्यावर तिरका पडून आत जाईल. पुढच्या खोलीत खिडकीसमोर लावू नका. शेळगीला एका पश्चिममुखी घरात मी तसा लावून दिला होता, छान चार बाय सहाचा. दुपारी चारला ऊन थेट आरशावर आणि तिथून बसलेल्यांच्या तोंडावर. आठवड्याभरात त्यांनी त्याच्यावर चादर टांगली. ती अजून आहे.

राहिला सोफा. एल आकाराचा सोफा म्हणजे साधारण साडेसात फूट बाय साडेपाच फूट, आणि पुढून मागे अडीच फूट. घ्या की, मी कोण नको म्हणणारा. पण दुकानात बयाणा द्यायच्या आधी तोच खडू घ्या आणि सोफा पुढच्या खोलीच्या फरशीवर पूर्ण मापात काढा. आतला भाग रेघा मारून भरा. दोन दिवस पुसू नका. सासूबाई पाणी आणायला, मुलं शाळेला जायला, तुम्ही झाडायला त्या रेघांवरून किती वेळा जाता ते मोजा, आणि रात्री सहा अंथरुणं घालताना किती रेघा झाकल्या जातात तेही. मग तो आकडा आणि दारांच्या मापाचा कागद मला पाठवा.